दूरच्या यंत्रावरील हात



आजच्या भाषणाचा विषय प्रथम साध्या शब्दांत सांगतों. पुण्यांतील एका खोलींत बसलेला तरुण आपल्या संगणकाची कळ दाबतो, आणि भंडारा जिल्ह्यांतील आपल्या घरीं टेबलावर ठेविलेल्या दुसऱ्या संगणकांतील कागद उघडतो, त्यांतील चुका सुधारतो आणि तो पुन्हां जागच्या जागीं ठेवून देतो. घरच्या यंत्रापुढें त्या वेळीं कोणीही बसलेलें नसतें. तरीही पडद्यावरील बाण फिरतो, अक्षरें उमटतात, खिडक्या उघडतात व मिटतात. ज्यांनीं हा प्रकार पहिल्यानेंच पाहिला त्यांस ती भुताटकी वाटते. ज्यांच्या नित्याच्या कामाचा तो भाग झाला त्यांस त्यांत कांहींच नवल वाटत नाहीं. माझ्या मतें दोघांचीही दृष्टि अपुरी आहे. या विद्येला ऐंशी वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. तो नीट पाहिला म्हणजे असें दिसतें कीं, दूरच्या यंत्रापर्यंत आपला हात पोंचविण्याचा प्रश्न माणसानें फार लवकर सोडविला. परंतु तो हात कोणाचा, हें ओळखण्याचा प्रश्न मात्र त्यानें प्रत्येक वेळीं मागाहून, आणि बहुधा कोणाचें तरी नुकसान झाल्यावर, हातीं घेतला. हीच गोष्ट आज मला आपल्यापुढें मांडावयाची आहे.

निरोप दूर जाणें आणि हात दूर जाणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपल्या देशांत डॉ. विल्यम ओ'शॉनेसी यांनीं १८३९ सालीं कलकत्त्याजवळ तारेचे प्रयोग केले, आणि १८५५ सालीं तारेची सोय सर्व लोकांना खुली झाली. तेव्हांपासून २०१३ च्या जुलै महिन्यांत ती सेवा बंद होईपर्यंत, म्हणजे दीडशें वर्षांहून अधिक काळ, तारवाला दारीं आला म्हणजे घरांतील माणसांच्या छातींत धस्स होत असे. परंतु तारेनें येई तो निरोप. त्यावरून काय करावयाचें तें वाचणाराच ठरवी. 'पैसे पाठवा' अशी तार आली तरी ज्याला ती आली तो माणूस दोन क्षण विचार करी, शेजाऱ्यास विचारी, आणि मग पोस्टांत जाई. दूरचा शब्द आणि प्रत्यक्ष कृति यांच्यामध्यें एक विचार करणारा माणूस उभा असे. दूरनियंत्रणांत हा मधला माणूस नाहींसा होतो. हुकूम थेट यंत्राला पोंचतो, आणि यंत्र हुकमाची तामिली करतें. हुकूम कोणाचा हें तें आपण होऊन विचारीत नाहीं.

गणित करणाऱ्या यंत्राला असा दुरून हुकूम देण्याचा पहिला जाहीर प्रयोग ११ सप्टेंबर १९४० रोजीं अमेरिकेंत झाला. बेल टेलिफोन प्रयोगशाळेंतील जॉर्ज स्टिबिट्झ या गणितज्ञानें, टेलिफोनच्या यंत्रणेंत वापरतात तशा विजेच्या रिलेंचें एक गणितयंत्र न्यूयॉर्क शहरांत उभें केलें होतें. पुढें हॅनोव्हर या गांवीं डार्टमथ कॉलेजांत गणितज्ञांची परिषद भरली. एवढें अवजड यंत्र तेथें हलविण्याऐवजीं स्टिबिट्झनें सभेच्या ठिकाणीं नुसता एक टेलिप्रिंटर ठेविला, आणि तो तारेनें दोनशें मैलांहून अधिक दूर असलेल्या यंत्राशीं जोडिला. सभासदांनीं उदाहरण टंकावें, तें तारेनें न्यूयॉर्कला जावें, तेथें यंत्रानें सोडवावें आणि उत्तर परत हॅनोव्हरच्या कागदावर उमटावें, असा तो प्रकार होता. जॉन फॉन नॉयमन व नॉर्बर्ट वीनर हे दोघे थोर गणिती त्या परिषदेस हजर होते. येथें हुकूम कोण करतो हा प्रश्नच उद्भवला नाहीं. तार एक, टेलिप्रिंटर एक, आणि त्यापुढें बसलेला माणूस साऱ्या सभेला दिसत होता.

हा सोपेपणा फार दिवस टिकला नाहीं. १९६१ सालीं मॅसॅच्युसेट्सच्या सुप्रसिद्ध तंत्रशिक्षणसंस्थेंत फर्नांडो कॉर्बातो व त्यांचे सहकारी यांनीं एकाच मोठ्या संगणकावर अनेक माणसांनीं एकाच वेळीं, आपापल्या टंकयंत्रावर बसून, काम करण्याची पद्धति दाखविली. एका विहिरीवर अनेक मोटा चालाव्या तसा हा प्रकार. आतां यंत्रास प्रथमच विचारावें लागलें, 'तूं कोण?' कारण एकाचे कागद दुसऱ्यानें वाचूं नयेत. त्यासाठीं जुनाच उपाय नव्यानें योजला गेला. किल्ल्याच्या दरवाजावर पहारेकरी परवलीचा शब्द विचारी, तसा शब्द यंत्र विचारूं लागलें. या उपायांत एक उणीव पहिल्यापासूनच आहे. पहारेकरी शब्द ओळखतो, माणूस ओळखत नाहीं. शब्द ज्याच्या तोंडीं, त्याला दरवाजा उघडा.

यानंतरचा प्रसंग २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्रींचा. लॉस एंजल्स येथील विद्यापीठांतील संगणक आणि शेंकडों मैलांवरील स्टॅनफर्ड संशोधनसंस्थेंतील संगणक हे दोन निरनिराळे संगणक एका जाळ्यानें जोडले गेले. आजच्या इंटरनेटचें मूळ म्हणून ज्याची गणना होते तें हें जाळें. त्यावरून गेलेला पहिला संदेश अभिनंदनाचा नव्हता कीं बातमीचा नव्हता. तो 'लॉगिन' हा शब्द होता, म्हणजे दुसऱ्या यंत्रांत शिरून तें आपल्या ताब्यांत घेण्याचा हुकूम होता. लॉस एंजल्स येथें चार्ली क्लाइन हा विद्यार्थी अक्षरें टंकीत होता. 'एल्' गेलें, 'ओ' गेलें, आणि पलीकडील यंत्र बंद पडलें! तासाभरानें दुरुस्ती झाल्यावर पूर्ण शब्द गेला. या प्रसंगांतील एक बारीक गोष्ट मला फार बोधप्रद वाटते. दोन्ही ठिकाणच्या माणसांनीं त्या वेळीं टेलिफोनही कानाशीं धरला होता. 'एल् मिळालें काय?' 'मिळालें.' अशी त्यांची बोलाचाली चालली होती. यंत्राला जें ओळखतां येत नव्हतें तें माणसें एकमेकांच्या आवाजावरून ओळखीत होतीं. टेलिफोनवरील हा आवाज श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें तो पुन्हां येणार आहे, पण निराळ्या वेषांत.

आतां आपल्या प्रांताकडे वळूं. मुंबईस कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधनसंस्थेंत १९६४ सालीं 'सीडीसी ३६००' हा त्या काळचा फार मोठा संगणक आला. बाहेरच्या संस्थांतील संशोधक आपलें गणित भोंकें पाडलेल्या कार्डांवर उतरवून त्यांचे गठ्ठे तेथें घेऊन जात. यंत्रापाशीं माणूस जात असे. माणसापाशीं यंत्र येत नव्हतें. हें चित्र पालटण्याचा मोठा यत्न १९८६ पासून झाला. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानें, संयुक्त राष्ट्रांच्या विकासकार्यक्रमाच्या साहाय्यानें, 'अर्नेट' नांवाचें शिक्षण व संशोधन यांचें जाळें विणावयास घेतलें. पांच आय.आय.टी., बंगळूरची भारतीय विज्ञानसंस्था, मुंबईचें राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि स्वतः तो विभाग, असे त्याचे आठ भागीदार होते. या जाळ्याचा पहिला धागा मुंबईंतच जोडला गेला. जुहूचें सॉफ्टवेअर केंद्र व पवईची आय.आय.टी. यांच्या संगणकांनीं टेलिफोनच्या तारेवरून एकमेकांशीं पत्रव्यवहार सुरू केला. त्या केंद्राचे प्रमुख डॉ. श्रीनिवासन् रमणी हे या कार्यांतील एक अग्रणी होते. १९८९ सालीं याच केंद्रांतून अमेरिकेशीं कायमची तार जोडली गेली. मुंबईंतील विद्यार्थ्यानें सातासमुद्रापलीकडील यंत्रावर हुकूम टंकावा आणि त्यानें उत्तर द्यावें, हें त्या वेळेपासून आपल्याकडेही शक्य झालें.

येथें थोडें थांबून एक भेद सांगितला पाहिजे. दूरच्या यंत्रावर हात ठेवण्याचे दोन प्रकार आहेत. एक मर्यादित हात, दुसरा मोकळा हात. रेल्वेनें १९८५ सालीं दिल्लींत संगणकावर जागा राखून ठेवण्याची पद्धति प्रथम सुरू केली. पुढें ती देशभर पसरली. आज आमच्या भंडारा रोड स्थानकाच्या खिडकीमागें बसलेला कारकून जी कळ दाबतो तिनें दूरच्या शहरांतील मोठें यंत्र हलतें. परंतु त्याला तेथें काय करतां येतें? जागा राखणें, रद्द करणें, तिकीट छापणें, एवढेंच. त्या यंत्रांतील इतर कशालाही त्याचा हात लागत नाहीं. हा मर्यादित हात.

याच जातीचें पण फार भव्य उदाहरण पुणें जिल्ह्यांत नारायणगांवाजवळ खोडद येथें आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेंतून उभी राहिलेली ही रेडिओ-दुर्बीण २००१ सालीं राष्ट्राला अर्पण झाली. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस प्रचंड डिशा सुमारें पंचवीस किलोमीटरांच्या टापूंत विखुरलेल्या आहेत. प्रत्येक डिशेपाशीं एक लहान संगणक पहारा करतो. खोडदच्या मुख्य इमारतींतील खोलींतून कांचेच्या तंतूंवरून त्याला हुकूम जातो, 'अमुक ताऱ्याकडे वळ,' आणि तो डिश वळवून परत कळवितो कीं, वळलों, आतां इतक्या अंशावर आहें. वारा ठरीव मर्यादेपलीकडे गेला म्हणजे डिशा आकाशाकडे तोंड करून स्थिर केल्या जातात. शेतांतून जाणारा बैलगाडीवाला त्या डिशा आपोआप वळतांना पाहतो. हुकूम करणारा त्याला दिसत नाहीं. परंतु तेथें हुकमाची वाट ठरलेली आहे, हुकूम कोणते तें ठरलेलें आहे, आणि प्रत्येक हुकमाची पोंच परत येते. दूरचा हात निर्धोक कसा असावा याचा हा नमुना आहे.

घरगुती संगणकाची गोष्ट याहून निराळी आहे. तेथें मोकळा हात आला. १९७५ च्या सुमारास अमेरिकेंत घरीं ठेवण्याजोगे लहान संगणक विकावयास आले, आणि १९८१ सालीं आय.बी.एम. कंपनीचा पीसी आल्यावर ते कचेऱ्या-कचेऱ्यांतून पसरले. कचेरींतील कागद घरीं हवा, किंवा घरचा कचेरींत हवा, ही अडचण लगेच उत्पन्न झाली. तेव्हां त्याच दशकांत 'पीसीएनीव्हेअर' यासारखे प्रोग्राम निघाले. दोन्ही संगणक टेलिफोनला जोडावे आणि एकावरून दुसरा चालवावा, अशी त्यांची रीत होती. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें सर्वसाधारण लोकांसाठीं इंटरनेट खुलें केलें. त्या काळीं विद्यार्थ्यांनीं घेतलेलें स्वस्तांतलें 'शेल' खातें आज पुष्कळांना विसरल्यासारखें झालें आहे. तें वस्तुतः दूरनियंत्रणच होतें. घरचा संगणक टेलिफोननें निगमाच्या मोठ्या संगणकाला लागे, काळ्या पडद्यावर अक्षरें येत, आणि जें कांहीं चाले तें त्या दूरच्या यंत्रांत चाले. घरचें यंत्र केवळ त्याची खिडकी असे.

पुढें अक्षरांच्या जागीं चित्र आलें. इंग्लंडांत केंब्रिज येथील ऑलिव्हेटी प्रयोगशाळेंत 'व्हीएनसी' नांवाची पद्धति निर्माण झाली आणि १९९८ सालीं ती सर्वांना फुकट दिली गेली. तिचें तत्त्व टपालानें बुद्धिबळ खेळणाऱ्यांस चटकन् कळेल. दोन गांवीं दोन पट मांडलेले असतात. दर खेपेस पट कोणी पाठवीत नाहीं. नुसती खेळी कार्डावर लिहून पाठवितात, आणि पलीकडचा आपल्या पटावरचें तेवढेंच सोंगटें हलवितो. त्याचप्रमाणें पडद्याचा जेवढा तुकडा बदलला तेवढ्याचेंच चित्र दूरचें यंत्र इकडे पाठवितें, आणि आपण दाबलेली कळ व हलविलेला माऊस यांची वार्ता तिकडे जाते. २००१ सालीं मायक्रोसॉफ्टनें आपल्या विंडोज एक्सपीमध्यें अशी सोय घातली, तेव्हां ती घरोघरच्या यंत्रांत जाऊन बसली.

तरी एक अडचण राहिली होती. घरच्या संगणकाला इंटरनेटवर बहुधा स्वतःचा असा स्वतंत्र पत्ता नसतो. तो राऊटर नांवाच्या पेटीच्या आड असतो, आणि त्या पेटीचें दार सामान्यतः आंतूनच उघडतें. बाहेरच्यानें हांक मारली तर ती आंत पोंचत नाहीं. यावर जर्मनींत २००५ सालीं निघालेल्या 'टीमव्ह्यूअर'नें आणि २०१४ च्या 'एनीडेस्क'नें सोपी तोड काढली. दोन्ही घरचीं यंत्रें आपण होऊन मध्यस्थ संगणकाशीं बोलतात, आणि तो त्यांची गांठ घालून देतो. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमधील बाई दोन तारा जोडून देत असे, तसेंच. ओळखीसाठीं प्रत्येक यंत्राला एक नऊ-दहा आंकडी क्रमांक मिळतो. तो क्रमांक पलीकडच्यास सांगावा, पडद्यावर विचारणा आली म्हणजे होकार द्यावा, कीं आपलें यंत्र त्याच्या हातीं गेलें. पूर्वी ज्याला तज्ज्ञ लागे तें काम आतां दोन बोटांचें झालें.

या सोयीचे उपकार मीं नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. मोहाडी तालुक्यांतील आमच्या करडीसारख्या गांवीं संगणक बिघडला तर पूर्वीं तो पिशवींत घालून वैनगंगेपलीकडे भंडाऱ्यास न्यावा लागे, आणि दोन खेपा झाल्याखेरीज तो परत मिळत नसे. हल्लीं माझा पुतण्या पुण्याहून फोन करतो, "मोठेबाबा, तो क्रमांक वाचून दाखवा, आतां माऊसवरून हात काढा," आणि पंधरा मिनिटांत यंत्र ठीक करून देतो. २०२० च्या मार्च महिन्यांत देशभर टाळेबंदी पुकारली गेली, तेव्हां पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांतील कितीतरी तरुण आपापल्या गांवीं परतले आणि ओसरीवर बसून शहरांतील कचेरीच्या यंत्रांवर काम करूं लागले. अनेक घरांची चूल त्या वर्षीं या दूरच्या हातानें पेटती ठेविली, हें विसरतां येत नाहीं.

परंतु ज्या वाटेनें पुतण्याचा हात येतो त्याच वाटेनें चोराचाही येतो. हें कळावयास जगाला वेळ लागला नाहीं. उपाय करावयास मात्र नेहमीं उशीर झाला. आरंभींच्या जाळ्यांत परवलीचा शब्द तारेवरून उघड्या कार्डासारखा जाई. वाटेंत कोणीही वाचावा. फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर असे शब्द चोरीला गेले, तेव्हां कोठें १९९५ सालीं तातू य्लोनेन या संशोधकानें सर्व संभाषण गुप्त लिपींत नेणारी 'एसएसएच' ही पद्धति रचली. १९९८ सालीं हॅकरांच्या एका टोळीनें 'बॅक ऑरिफिस' नांवाचा प्रोग्राम प्रसिद्ध करून, विंडोजचें यंत्र मालकाच्या नकळत दुरून कसें चालवितां येतें, तें जगाला उघडपणें दाखविलें. वर उल्लेखिलेल्या पीसीएनीव्हेअरची मूळ संहिताच २००६ सालीं चोरीस गेली होती. परंतु १९९१ पासून जिच्याकडे तो प्रोग्राम होता त्या कंपनीनें गिऱ्हाइकांना तो बंद ठेवण्याचा सल्ला दिला तो २०१२ च्या जानेवारींत. सहा वर्षें त्या दाराची किल्ली कोणाकडे होती, हें दाराच्या मालकांना ठाऊक नव्हतें.

आणि आतां तो टेलिफोनवरील आवाज पुन्हां ऐकूं येतो. १९६९ सालीं तो ओळखीच्या सहकाऱ्याचा होता. २०१९ च्या फेब्रुवारी महिन्यांत रिझर्व्ह बँकेनें बँकांना सावध केलें, तेव्हां तो भामट्याचा झाला होता. पद्धति अशी कीं, बँकेचा माणूस म्हणून फोन करावयाचा, 'एनीडेस्क' मोबाईलवर उतरवून घ्यावयास सांगावयाचें, त्यावर दिसणारा नऊ आंकडी क्रमांक विचारावयाचा, आणि मालकाच्याच मोबाईलवरून त्याचें खातें रिकामें करावयाचें. या साधनांत स्वतः कांहीं वाईट नाहीं. तींच साधनें प्रामाणिक लोक रोज वापरतात. चोरी होते ती यंत्राच्या कुलुपाची नव्हे, माणसाच्या विश्वासाची.

आमच्या भागांतील एका निवृत्त शिक्षकबंधूंची हकीकत सांगतों. नांव सांगण्याचें कारण नाहीं. नोव्हेंबर महिना होता. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना त्या महिन्यांत हयातीचा दाखला द्यावा लागतो, हें सर्वांस माहीत आहे. चोरालाही तें माहीत असतें. फोनवरील आवाज फार आर्जवी होता. "सर, आपल्या दाखल्यांत थोडी त्रुटि राहिली आहे, आपल्याला कचेरींत येण्याचा त्रास नको, येथूनच करून देतों." क्रमांक विचारला गेला, होकार दिला गेला, आणि निवृत्तीच्या वेळीं मिळालेल्या रकमेचा मोठा भाग डोळ्यांदेखत गेला. पुढची गोष्ट अधिक वाईट आहे. लाजेनें त्यांनीं आठ दिवस कोणालाच सांगितलें नाहीं, घरच्या माणसांनाही नाहीं. "पोरांना चाळीस वर्षें शहाणपण शिकविलें, आतां कोणत्या तोंडानें सांगूं?" असें ते मला म्हणाले. त्या आठ दिवसांत पैसा किती खात्यांतून फिरून कोठल्या कोठें गेला असेल!

या लाजेविरुद्ध मला आज मुद्दाम बोलावयाचें आहे. ज्या विद्येनें थोर संशोधकांच्या संस्थांना फसतांना पाहिलें, तिच्यापुढें एखादा साधा गृहस्थ फसला तर त्यांत त्याची अब्रू जाण्यासारखें कांहीं नाहीं. कायद्यानेंही दोष कोणाचा तें सांगितलें आहे. २००० सालच्या माहिती-तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ व्या कलमानें मालकाच्या परवानगीवांचून त्याच्या संगणकांत शिरणें हें भरपाईस पात्र ठरविलें, आणि २००८ च्या दुरुस्तीनें घातलेल्या ६६-ड या कलमानें संगणकाच्या साहाय्यानें तोतयेगिरी करून फसविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला. मात्र येथें वेळ फार मोलाचा असतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकांत असें ठरविलें गेलें कीं, गिऱ्हाइकानें आपली गुप्त माहिती दुसऱ्यास दिल्यामुळें नुकसान झालें तर बँकेला कळवीपर्यंतचें नुकसान त्यानें सोसावें, आणि कळविल्यानंतरचें बँकेनें सोसावें. म्हणजे लाजेनें गप्प बसलेला प्रत्येक तास हा आपल्याच पदरीं पडतो. फसवणूक झाल्याचें कळतांच १९३० या सरकारी क्रमांकावर आणि आपल्या बँकेंत त्याच घटकेला कळवावें. रडणें मग करावें.

पैशाच्या पलीकडेही हा प्रश्न जातो. भीमा-कोरेगांव येथें १ जानेवारी २०१८ रोजीं झालेल्या हिंसाचारानंतरच्या खटल्यांत आरोपींच्या संगणकांत सांपडलेलीं पत्रें पुराव्यांत आलीं. २०२१ सालीं बचावपक्षातर्फे तपासणी करणाऱ्या 'आर्सेनल कन्सल्टिंग' या अमेरिकन संस्थेनें अहवाल दिला कीं, दोन आरोपींच्या संगणकांत 'नेटवायर' नांवाचा दूरनियंत्रणाचा प्रोग्राम चोरपावलांनीं शिरला होता, आणि तीं पत्रें मालकांच्या नकळत बाहेरून ठेविलीं गेलीं होतीं. या दोघांपैकीं एक नागपूरचे वकील होते. तपासयंत्रणेनें हें म्हणणें मान्य केलें नाहीं. यांत खरें काय तें ठरविणें हें न्यायालयाचें काम. मीं त्यांत मत देणें उचित नव्हे. पण प्रश्न केवढा गंभीर आहे तें पाहावें. पूर्वीं ज्याच्या कुलूपबंद पेटींत कागद सांपडे तो कागद त्याचा, असें मानण्यास हरकत नसे. आतां पेटी घरांत असली तरी हात कोठून आला तें आधीं विचारावें लागतें.

मग या दूरच्या हातास घरांत घ्यावें कीं नाहीं? माझें उत्तर, घ्यावें. पण आपल्या गांवची जुनी रीत लक्षांत ठेवून घ्यावें. आमच्या पूर्व विदर्भांत मालगुजारी तलाव आहेत. त्यांतील पुष्कळ कोहळी लोकांनीं कित्येक पिढ्यांपूर्वीं बांधले. तलावाचें पाणी सोडण्याच्या तोंडाला आमच्याकडे 'तुडूम' म्हणतात. सारें गांव ज्या पाण्यावर जगे, त्याचें तोंड उघडण्याचें काम गांवानें नेमलेला एक माणूस करी. त्याला सर्वजण तोंडानें ओळखीत. पाळी कोणाची तें आधीं ठरे, पाळी संपली म्हणजे तुडूम बंद होई, आणि हें सर्व दिवसाउजेडीं, चार जणांच्या देखत चाले. परक्या गांवचा माणूस येऊन गोड बोलला म्हणून तुडूम त्याच्या हातीं कोणी दिल्याचें ऐकिवांत नाहीं.

हेंच तीन नियमांत सांगतां येईल. पहिला : मदतीसाठीं हांक आपण मारावी, ज्यानें आपण होऊन फोन केला त्याला यंत्राचा क्रमांक सांगूं नये, मग तो बँकेचें नांव सांगो, सरकारचें सांगो कीं पोलिसांचें. शंका आल्यास फोन ठेवावा, आणि पासबुकावर छापलेल्या क्रमांकावर आपण स्वतः विचारावें. दुसरा : ओळखीच्या माणसाच्या हातीं यंत्र दिलें तरी काम संपेपर्यंत पडद्यापुढून उठूं नये, आणि त्या वेळांत बँकेचा कोणताही व्यवहार उघडूं नये, कारण जें आपल्याला दिसतें तें सारें पलीकडेही दिसतें. तिसरा : काम संपलें कीं जोडणी तोडावी आणि कायमची परवानगी कोणालाही देऊन ठेवूं नये, पोटच्या मुलालाही नाहीं. त्याच्यावर अविश्वास म्हणून नव्हे. त्याचा मोबाईल उद्यां रेल्वेंत हरवला, तर त्याच्या मागून भलताच हात आपल्या घरांत येईल म्हणून.

विज्ञानानें हात लांब केला, हें चांगलेंच झालें. म्हाताऱ्या आईबापांचें अडलेलें काम शेंकडों कोसांवरून मुलानें करून द्यावें, यापरतें त्या विद्येचें सार्थक तें कोणतें? परंतु दाराशीं येणारा हात ओळखण्याचें काम अजून पुरतेपणीं यंत्राला साधलेलें नाहीं. तोंवर तें आपलें आहे, आणि तें करतांना कोणी आपल्याला जुन्या वळणाचा, संशयी किंवा अडाणी म्हटलें, तर खुशाल म्हणूं द्यावें. आज घरीं गेल्यावर आपल्या शेजारच्या एका वृद्ध गृहस्थाला हे तीन नियम सांगावे, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.